विश्लेषण : खेळाडूबरोबर त्याच्या जर्सीचा क्रमांकही निवृत्त व्हावा का?

जुलै २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने युरोपातील दोन बड्या फुटबॉल क्लबांनी परस्परविरोधी निर्णय घेतले. ११ जुलै रोजी लिव्हरपूलने दिओगो जोटाचा २० क्रमांक कायमचा निवृत्त केला. १६ जुलै रोजी बार्सिलोनाने लिओनेल मेसीचा १० क्रमांक नुकत्याच १८ वर्षांच्या झालेल्या लामिने यमालला दिला. एका क्लबने क्रमांक कपाटात ठेवला, दुसऱ्याने तो पुढच्या पिढीच्या पाठीवर चढवला. दोन्ही निर्णयांचे चाहत्यांनी स्वागतच केले. मग क्रमांक निवृत्त करणे हा सन्मान आहे की परंपरा तोडणे? भारतीय फुटबॉलमध्ये असे प्रसंग आले आहेत का? आणि ज्या जिल्ह्यातील नेत्याने तेरा वर्षे देशाच्या फुटबॉलचा कारभार पाहिला, त्या गोंदियाचा या चर्चेशी काय संबंध?

लिव्हरपूलने काय केले?

३ जुलै २०२५ रोजी स्पेनमध्ये झालेल्या मोटार अपघातात पोर्तुगालचा आघाडीपटू जोटा आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रे सिल्व्हा या दोघांचा मृत्यू झाला. जोटाचे लग्न होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. दोन महिन्यांपूर्वीच लिव्हरपूलने इंग्लंडचे विसावे विजेतेपद मिळवले होते आणि त्या संघात जोटाच्या पाठीवर २० हाच आकडा होता. या योगायोगामुळे तो क्रमांक चाहत्यांच्या मनात आणखी घट्ट बसला. क्लबने जोटाच्या कुटुंबाशी बोलून हा क्रमांक पुरुष, महिला आणि अकादमी अशा सर्व संघांसाठी बंद केला. डॅलग्लिश, जेरार्ड यांच्यासारखे दिग्गज ज्या क्लबने घडवले, त्याने याआधी असा मान कुणालाही दिला नव्हता.

जोटाच्याच बाबतीत पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाने मात्र वेगळी वाट धरली. तिथे तो २१ क्रमांक घालत असे. सप्टेंबरमध्ये तो क्रमांक त्याचा जिवलग मित्र रुबेन नेव्हेस याला देण्यात आला. अंत्ययात्रेत जोटाची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत नेव्हेस होता. ऑक्टोबरमध्ये आयर्लंडविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात भरपाई वेळेत त्याने याच जर्सीत एकमेव गोल केला आणि पोर्तुगाल जिंकला.

क्रमांकाला एवढे महत्त्व कधीपासून?

फुटबॉलमध्ये पाठीवर आकडे आले ते ओळख पटावी म्हणून. २५ ऑगस्ट १९२८ रोजी इंग्लंडच्या लीगमध्ये आर्सेनल आणि चेल्सी हे संघ क्रमांक लावून उतरले. त्यानंतर कित्येक दशके क्रमांक माणसाचा नव्हे, जागेचा असे. गोलरक्षक १, मधला आघाडीपटू ९, डाव्या बगलेचा ११. आज जो ९ क्रमांक घालील तो पुढच्या रविवारी जागा बदलली तर ८ घालील. अशा व्यवस्थेत क्रमांक निवृत्त करणे म्हणजे मैदानावरची एक जागाच रद्द करण्यासारखे होते. इंग्लिश प्रीमियर लीगने १९९३-९४ च्या हंगामापासून खेळाडूला वर्षभरासाठी एकच क्रमांक आणि पाठीवर नाव देण्यास सुरुवात केली, दोन वर्षांनी इटलीने तेच केले. क्रमांक माणसाला चिकटला तो तेव्हापासून. जर्सीविक्रीचा बाजारही तेव्हापासूनच फोफावला, हे लक्षात ठेवलेले बरे.

कल्पना मात्र फुटबॉलची नाही, उत्तर अमेरिकेची आहे. १९३४ मध्ये टोरंटोच्या आइस हॉकी संघाने जबर जखमी झालेल्या एस बेलीचा ६ क्रमांक निवृत्त केला. १९३९ मध्ये न्यू यॉर्क यांकीजने लू गेहरिगचा ४ क्रमांक बंद केला. १९९७ मध्ये तर जॅकी रॉबिन्सनचा ४२ क्रमांक बेसबॉलच्या सर्वच संघांनी एकत्रितपणे निवृत्त केला, कारण तो आधुनिक काळातल्या मुख्य लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. हे सगळे समजण्यासारखे. पण यांकीजचे आता काय झाले? १ पासून ९ पर्यंतचा एकही आकडा शिल्लक राहिलेला नाही. नव्या खेळाडूला त्यांतला कोणताही क्रमांक हवा असेल तर तो त्या क्लबमध्ये मिळत नाही.

फुटबॉलमध्ये कोणाचे क्रमांक निवृत्त झाले?

यादी मोठी आहे आणि तिच्यात दोन अगदी वेगळे गट मिसळलेले आहेत. पहिला गट कर्तृत्वाचा. नापोलीने २००० साली मॅराडोनाचा १० क्रमांक बाजूला ठेवला. एसी मिलानने फ्रान्को बरेसीचा ६ आणि पावलो मालदिनीचा ३, आयॅक्सने २००७ मध्ये योहान क्रायफचा १४, वेस्ट हॅमने २००८ मध्ये बॉबी मूरचा ६ निवृत्त केला. मालदिनीच्या बाबतीत क्लबने एक फट ठेवली होती. त्याच्या मुलांपैकी कुणी मुख्य संघात आला तर त्याला ३ क्रमांक मिळेल, असे ठरले. धाकटा डॅनिएल २०२० मध्ये मिलानकडून उतरला खरा, पण ३ क्रमांक न घालता.

दुसरा गट अकाली मृत्यूचा. २६ जून २००३ रोजी कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात लिऑनच्या मैदानावर कोसळला आणि गेला. त्या हंगामात तो मँचेस्टर सिटीकडून खेळला होता आणि सिटीच्या जुन्या मेन रोड मैदानावरचा क्लबचा अखेरचा गोल त्याच्याच नावावर होता. सिटीने त्याचा २३ क्रमांक निवृत्त केला. लिव्हरपूलचा निर्णय याच गटातला.

तिसरा गट म्हणता येईल असे एक प्रकरण २०२० चे. बर्मिंगहॅम सिटीने ज्यूड बेलिंगहॅमचा २२ क्रमांक निवृत्त केला तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि मुख्य संघाकडून जेमतेम एक हंगाम खेळला होता. त्याला डॉर्टमुंडने सुमारे अडीच कोटी पौंडांना घेतले, आणि या पैशाने अडचणीतल्या क्लबला हातभार लागला. समाजमाध्यमांवर भरपूर टिंगल झाली. पुढे बेलिंगहॅम रियाल माद्रिदचा आणि इंग्लंडचा आधार बनल्यावर टिंगल करणारे गप्प झाले. तरीही मूळ आक्षेप कायम राहतो. त्या वेळी क्लबने जो सन्मान केला तो खेळाडूने दिलेल्या सेवेचा होता की मिळालेल्या रकमेचा?

भारतात असे घडले आहे का?

घडले आहे, आणि महाराष्ट्राच्या अगदी शेजारी घडले आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरुच्या श्री कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना त्याची आणि बागानचा तरुण गोलरक्षक सुब्रत पाल याची जोरदार टक्कर झाली. ज्युनियर मैदानातच कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय अवघे २५. डेम्पोने सामना २-० असा जिंकला. आदल्या हंगामात ईस्ट बंगालकडून त्याने कोलकाता गाजवले होते, त्यामुळे शोक एका राज्यापुरता राहिला नाही.

डेम्पोने त्याचा १० क्रमांक निवृत्त केला. त्याच हंगामात, काही महिन्यांनी, डेम्पोने राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. सुब्रत पालवर फुटबॉल महासंघाने कारवाई केली. पुढे हाच पाल भारताचा क्रमांक एकचा गोलरक्षक झाला आणि २०११ च्या आशिया चषकात त्याच्या कामगिरीने नाव कमावले.

या घटनेत एक गोष्ट क्रमांकाच्या चर्चेत हमखास मागे पडते. ज्युनियर पडल्यानंतर मैदानावर तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती, अशी टीका त्या वेळी जोरात झाली. जर्सी निवृत्त करायला पैसा लागत नाही. मैदानाबाहेर सुसज्ज रुग्णवाहिका, प्रशिक्षित डॉक्टर आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र ठेवायला लागतो. क्लब आणि महासंघ पहिले करून दुसऱ्यातून मोकळे होत असतील तर त्या सन्मानाला फारसा अर्थ उरत नाही. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या स्पर्धांना तर हे अधिकच लागू पडते.

निवृत्त केलेला क्रमांक परत आणावा लागला तर?

केरळ ब्लास्टर्सला हा प्रश्न छळून गेला. बचावपटू संदेश झिंगन २०२० मध्ये क्लब सोडून गेला तेव्हा ब्लास्टर्सने त्याचा २१ क्रमांक निवृत्त करत असल्याचे जाहीर केले. पहिल्या हंगामापासून तो क्लबचा चेहरा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीके मोहन बागानकडून ब्लास्टर्सविरुद्धचा सामना २-२ असा सुटल्यावर झिंगनने स्त्रियांना कमी लेखणारे उद्गार काढले. ते कॅमेऱ्यात टिपले गेले. त्याने माफी मागितली, पण ज्या चाहत्यांनी त्याचे पोस्टर मिरवले होते त्यांनीच हा क्रमांक परत वापरात आणा अशी मागणी लावून धरली. त्या वेळी झिंगन २८ वर्षांचा होता. कारकीर्द चालू असलेल्या, तेही प्रतिस्पर्धी क्लबांकडून खेळू शकणाऱ्या खेळाडूचा क्रमांक निवृत्त करण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

सुनील छेत्रीचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलला निरोप दिला तेव्हा त्याचा ११ क्रमांक निवृत्त करा, असा सूर अनेकांनी लावला. ९४ आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्यासाठी ही मागणी अवाजवी नव्हती. पण भारतीय संघाला गोल करणारा दुसरा सापडेना आणि मार्च २०२५ मध्ये छेत्रीलाच परत बोलवावे लागले. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने पुन्हा गोल केला. क्रमांकापेक्षा तो घालणारा वारस नसणे ही भारतीय फुटबॉलची खरी अडचण आहे.

क्रिकेट आणि हॉकीत काय झाले?

मराठी वाचकाला हा विषय परिचित आहे तो सचिन तेंडुलकरमुळे. मुंबई इंडियन्सने २०१३ मध्येच त्याचा १० क्रमांक निवृत्त केला. भारतीय संघात मात्र तसे काही जाहीर झाले नव्हते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पालघरचा शार्दूल ठाकूर कोलंबोत पहिला एकदिवसीय सामना खेळला तो १० क्रमांक घालून. त्याच्या जन्मतारखेच्या आकड्यांची बेरीज तशी येते, म्हणून त्याने तो निवडला होता. चाहते त्याच्यावर तुटून पडले. सचिन व्हायला निघालास का, असे टोमणे ऐकून ठाकूर पुढे ५४ वर गेला आणि मंडळाने १० क्रमांक कुणालाच न देण्याचे धोरण स्वीकारले. डिसेंबर २०२३ मध्ये महेंद्रसिंह धोनीचा ७ क्रमांकही बाजूला ठेवल्याचे समोर आले. पदार्पण करणाऱ्या २५ वर्षांच्या पोराला एका आकड्यासाठी एवढे ऐकून घ्यावे लागले, यात सचिनचा सन्मान नेमका कुठे वाढला?

हॉकी इंडियाने त्यामानाने नेटके काम केले. पॅरिस ऑलिम्पिकच्या कांस्यपदकानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, गोलरक्षक पी. आर. श्रीजेशचा १६ क्रमांक वरिष्ठ संघापुरता निवृत्त केला, कनिष्ठ संघात तो चालू ठेवला. म्हणजे एखादा मुलगा १६ क्रमांक घालून मोठा होऊ शकतो. त्याच वर्षी राणी रामपालच्या २८ क्रमांकालाही हा मान मिळाला.

नियम काय सांगतात?

फुटबॉलमध्ये क्लबची इच्छा पुरेशी नसते. स्पेनमध्ये मुख्य संघाच्या खेळाडूंना १ ते २५ याच मर्यादेत क्रमांक द्यावे लागतात. बार्सिलोनाने मेसीसाठी १० बंद केला असता तर नोंदणीची एक जागाच गेली असती. राष्ट्रीय संघांवर तर फिफाचे बंधन आहे. अर्जेंटिनाने २००२ च्या विश्वचषकासाठी मॅराडोनाचा १० वगळून यादी पाठवली. फिफाने ती नाकारली आणि तो क्रमांक एरियल ओर्तेगाला घालावा लागला. आता विश्वचषकात १ ते २६ असे सलग क्रमांक लागतात. पोर्तुगालने २१ नेव्हेसला दिला त्यामागे मैत्री होती, तशीच ही व्यावहारिक बाजूही होती.

नापोलीवर तर वेगळाच प्रसंग ओढवला. २००४ मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला आणि तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. तिथे १ ते ११ असेच क्रमांक चालत. नाइलाजाने मॅराडोनाची १० क्रमांकाची जर्सी पुन्हा बाहेर निघाली. २००६ पर्यंत ती घालणाऱ्यांत अर्जेंटिनाचाच रोबेर्तो सोसाही होता.

गोंदियाचा संबंध काय?

गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ ते २०२२ या काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. २०१९ मध्ये ते फिफाच्या परिषदेवर निवडून गेले, तेथवर पोहोचलेले ते पहिले भारतीय. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमून त्यांची कारकीर्द संपवली. या तेरा वर्षांत भारतीय फुटबॉलचा नकाशा बदलला. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा ७०० कोटींचा करार केला, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात आला आणि नवी मुंबईत त्याचे सामने झाले. बायचुंग भुतियाचा निरोपही याच काळातला. १० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत बायर्न म्युनिकला बोलावून त्याच्यासाठी खास सामना झाला. भारत ०-४ असा हरला, तरी भुतिया एका बड्या संघाविरुद्ध खेळून गेला. क्रमांक बंद करण्यापेक्षा हा सन्मान त्याला अधिक आवडला असावा.

याच बदलांत डेम्पोचीही फरफट झाली. आय-लीगला आयएसएलच्या खाली ढकलण्याच्या महासंघाच्या आराखड्याचा निषेध म्हणून २०१६ मध्ये स्पोर्टिंग क्लब डी गोवा, साळगावकर आणि डेम्पो हे तिन्ही गोवेकर क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला डेम्पो, ज्याने क्रिस्तियानो ज्युनियरचा १० क्रमांक जपला, तो स्वतःच राष्ट्रीय पातळीवर दिसेनासा झाला. आय-लीगमध्ये तो परतला तो २०२४-२५ मध्ये.

महाराष्ट्रात तर क्लबच टिकत नाहीत. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ नंतर लीगमध्ये दिसला नाही. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला आणि एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. या संघांत कोणी कोणता क्रमांक घातला, ते आज पुण्यातल्या चाहत्यालाही आठवून सांगावे लागेल. क्रमांक निवृत्त करायला आधी क्लब पन्नास वर्षे जिवंत राहावा लागतो. लिव्हरपूलने ज्या ११ जुलै रोजी जोटाचा क्रमांक बाजूला ठेवला, त्याच दिवशी २०१० चा तो करार संपत आल्याने आयएसएलचा नवा हंगाम स्थगित असल्याचे भारतीय क्लबांना कळवण्यात आले.

गोंदिया, तिरोडा किंवा देवरीत खेळणाऱ्या हौशी संघाचा विचार केला तर हा प्रश्न आणखी साधा होतो. अशा संघाकडे पंधरा-सोळा जर्सींचा एकच संच असतो, तोही कुणा पुरस्कर्त्याच्या नावाचा. त्यातली एक जर्सी भिंतीवर टांगली तर एका मुलाने खेळायचे कशात? तिथे आठवण ठेवायची तर गेलेल्या खेळाडूच्या नावे स्पर्धा भरवणे किंवा त्याचा क्रमांक दरवर्षी संघातल्या सर्वांत मेहनती मुलाला देणे जास्त उपयोगाचे.

मग निवृत्ती कधी योग्य?

मृत्यूच्या प्रसंगी क्लबला काहीतरी करावेसे वाटते आणि त्या वेळी क्रमांक रिकामा ठेवण्याइतके नेमके दुसरे काही सुचत नाही. जोटा, फोए किंवा क्रिस्तियानो ज्युनियर यांच्याबाबत वाद घालणे निरर्थक आहे. तो आकडा दुसऱ्याच्या पाठीवर पाहणे सहकाऱ्यांनाच जड गेले असते. कर्तृत्वाच्या बाबतीत मात्र बार्सिलोनाचा मार्ग अधिक पटतो. तिथे १० क्रमांक मॅराडोनाने घातला, रिवाल्डोने घातला, रोनाल्डिन्होने घातला. २००८ मध्ये रोनाल्डिन्हो गेला तेव्हा क्लबने भावनेच्या भरात तो बंद केला असता तर मेसी १९ क्रमांकावरच राहिला असता. यमालही आधी १९ घालत होता.

या मार्गालाही किंमत आहे. मँचेस्टर युनायटेडचा ७ क्रमांक कँटोना, बेकहॅम, रोनाल्डो यांच्यानंतर डी मारिया, डेपाय, सांचेझ अशा अनेकांच्या पाठीवर गेला आणि बहुतेकांना तो पेलला नाही. मेसीनंतर बार्सिलोनाने १० दिला तो आन्सू फातीला, २०२१ मध्ये, तोही १८ वर्षांचा असताना. दुखापतींनी त्याची कारकीर्द रखडली आणि चार वर्षांत तो क्लब सोडून मोनॅकोला गेला. त्याने रिकामी केलेली जर्सीच आता यमालच्या अंगावर आहे.